मुरलेली बिअर

मराठीत बिअर, वाइन, व्हिस्की, रम, ताडी आणि हातभट्टी या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे: दारू. क्रियापदही एकच, 'पिणे', आणि तेही बहुतेक वेळा कर्माशिवाय. "तो पितो" म्हटल्यावर काय पितो, चहा की ताक, असं कोणी विचारत नाही. हापूस, पायरी आणि रायवळ यांच्यावर तासभर वाद घालणारी आपली माणसं इथे मात्र सगळं एकाच टोपलीत टाकून मोकळी होतात.

आमच्या घरात तर तो शब्दसुद्धा काढत नसत. कारण धाकटे काका. काका हुशार होते, पेटी सुंदर वाजवायचे, आम्हा पोरांना पत्त्यांच्या जादू दाखवायचे. आणि प्यायचे. आधी नोकरी गेली, मग गावाकडचा त्यांच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा गेला, मग लिव्हर गेलं. शेहेचाळिसाव्या वर्षी गेले तेव्हा मी अकरावीत होतो. त्यामुळे नोकरी लागल्यावर टीमबरोबर पहिल्यांदा पबमध्ये गेलो तेव्हा मी फ्रेश लाइम सोडा मागवला, आणि पुढची तीन वर्षं तोच मागवत राहिलो. लोकांना वाटायचं हा फार सोवळा आहे. सोवळा कसला? मला भीती वाटायची. तेच रक्त माझ्यातही आहे ना! व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे पुढे वाचलं, पण ते न वाचताही आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

नंतर कधीतरी बिअर चाखली. आवडली म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपल्याकडची नेहमीची बिअर बर्फासारखी गार करून का देतात हे मात्र समजलं: जिभेला चव कळायच्या आत ती घशाखाली गेली पाहिजे. पाच-सहा जणांत पिचर येतो, जोक होतात, दुसरा पिचर येतो. बिअर कशी होती असं दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही, किती झाली ते विचारतात.

तर अशा बॅकग्राउंडवर २०१६ मध्ये कंपनीने मला लक्झेंबर्गला पाठवलं. एका बँकेचं जुनं सॉफ्टवेअर नव्या डेटाबेसवर हलवायचं काम. (ते कसं झालं हा वेगळ्या निबंधाचा, खरं तर वेगळ्या शोकसभेचा विषय आहे.) तिथे आमच्याबरोबर एक बेल्जियन डीबीए होता. पन्नाशी उलटलेला, पोटापर्यंत पांढरी दाढी, आठवड्याला मोजून दहा वाक्यं बोलणारा. आम्ही मराठी लोक त्याला आपसांत 'दाढीकाका' म्हणायचो. एका शुक्रवारी त्याने मला विचारलं, "तुम्ही लोक लोणचं घालता ना? कधी खाता ते?" म्हटलं, "मुरल्यावर." तो म्हणाला, "मग उद्या माझ्याबरोबर चल."

असा मी पहिल्यांदा ओर्वालला गेलो.

ओर्वाल हा बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेला चिकटून असलेला मठ. लक्झेंबर्ग शहरापासून गाडीने तासाभराचा रस्ता, आणि शेवटचा भाग नुसतं जंगल. मठ ख्रिस्ती साधूंचा, ट्रॅपिस्ट पंथाचा. आणि हे साधू बिअर बनवतात. गुपचूप नाही, चांगली ब्रुअरी घालून, बाटलीवर मठाचं नाव छापून.

आपल्याला हे पचायला जड जातं. साधू आणि दारूभट्टी? पण त्यांच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे. सहाव्या शतकात सेंट बेनेडिक्टने मठात कसं राहायचं याचे नियम घालून दिले. प्रार्थना करा आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरा, दानावर जगू नका, हा त्यातला मुख्य भाग. आपल्या सावता माळ्याला हे समजवावं लागलं नसतं. मग कोणी शेती केली, कोणी चीज केलं, कोणी बिअर. त्याच नियमावलीत पिण्यावरही एक अख्खं प्रकरण आहे आणि ते मला फार आवडतं. त्याचा मथितार्थ असा: खरं तर साधूने प्यायचंच नाही, पण आजकालच्या साधूंना हे पटवता येत नाही, तेव्हा निदान पोटभर पिऊ नका. दिवसाला वाइनचं एक माप पुरे. ते माप पाव लिटरच्या आसपासचं असावं असं मानतात. नियम बनवणारा माणूस व्यवहारी होता. रिक्वायरमेंट काय आहे आणि युजर कसा आहे, दोन्ही त्याला ठाऊक होतं.

'ट्रॅपिस्ट' हे नाव कोणालाही बाटलीवर छापता येत नाही. १९९७ मध्ये आठ मठांनी मिळून एक संस्था काढली. त्यांचा षटकोनी शिक्का मिळवायचा तर तीन अटी. बिअर मठाच्या आवारातच, साधूंच्या हातून किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे. मठाच्या जीवनात ब्रुअरीचं स्थान दुय्यम असलं पाहिजे. आणि उद्देश नफ्याचा नको: मठाचा खर्च आणि इमारतींची देखभाल भागवून उरेल ते दानधर्माला. बाकी दुकानात ज्या 'ॲबी बिअर' दिसतात, लफसारख्या, त्या मोठ्या कंपन्या एखाद्या मठाचं नाव घेऊन बनवतात. वाईट असतात असं नाही, पण ते वेगळं. बेल्जियममध्ये आज हा शिक्का पाच ठिकाणच्या बिअरवर आहे: ओर्वाल, शिमे, रोशफोर, वेस्टमाल आणि वेस्टफ्लेटरेन. आखेल नावाची सहावी होती. तिथे राहणारे साधूच उरले नाहीत, त्यामुळे २०२१ मध्ये तिचा शिक्का गेला. बिअरला गिऱ्हाईक होतं, मठाला साधू मिळेना.

ओर्वालची गोष्ट पार १०७० पासून सुरू होते. इटलीतून काही साधू या दरीत येऊन राहिले. दंतकथा अशी की टस्कनीची सरदारीण माटिल्डा इथल्या झऱ्याकाठी बसली असताना तिची लग्नाची अंगठी पाण्यात पडली. तिने प्रार्थना केली आणि एक ट्राउट मासा तोंडात अंगठी धरून वर आला. ती म्हणाली, ही तर सोन्याची दरी, फ्रेंचमध्ये 'व्हाल द'ओर', त्याचं उलटून ओर्वाल. (शकुंतलेची अंगठी गिळणारा आपला मासा आठवला ना? मलाही आठवला. आपल्या माशाने मात्र अंगठी परत द्यायला फार उशीर केला.) तोंडात अंगठी धरलेला तो मासा आजही बाटलीच्या लेबलवर आहे, आणि बिअरला पाणी मठातल्या झऱ्याचंच.

१७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने मठ जाळला आणि पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं तिथे नुसते पडके खांब उभे होते. १९२६ मध्ये पुन्हा बांधायला काढला. बांधकामाला पैसे हवेत म्हणून १९३१ मध्ये ब्रुअरी सुरू केली. म्हणजे जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकाऐवजी बिअर. मठाचा आर्किटेक्ट हेन्री व्हास, त्यानेच पिण्याचा तो जाडजूड पायाचा रुंद पेलाही काढून दिला. ब्रुअरीत काम करणारे बहुतेक लोक पगारी कर्मचारी आहेत. २०१३ मध्ये मुख्य ब्रूमास्टर म्हणून आन-फ्रान्स्वाझ पिपार्ट यांची नेमणूक झाली. ट्रॅपिस्ट ब्रुअरीतल्या त्या पहिल्या स्त्री ब्रूमास्टर.

आता मुरण्याबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

कुठलीही बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढायची, ते पाणी हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस सोडतं. मग गाळून बाटलीत भरतात आणि खेळ खलास. आपण पितो त्या बहुतेक बिअर बाटलीत शिरतानाच संपलेल्या असतात. पुढे त्या फक्त शिळ्या होऊ शकतात.

ओर्वालमध्ये आंबवणं झाल्यावर आणखी हॉप्स घालून ती काही आठवडे थंडाव्यात ठेवतात, उकळायला नाही, नुसत्या वासासाठी. वरणाला वरून कोथिंबीर घालावी तसं. आणि बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर, ताजं यीस्ट आणि एक वेगळं जंगली यीस्ट घालतात. त्याचं नाव ब्रेटानोमायसिस, लाडाने 'ब्रेट'. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसन नावाच्या संशोधकाने इंग्लिश बिअरमध्ये ते शोधलं म्हणून नाव पडलं 'ब्रिटिश बुरशी'. वाइनवाल्यांना ते आपल्या पिंपात अजिबात नको असतं. एकदा शिरलं की निघता निघत नाही. इथे ते मुद्दाम घालतात.

नेहमीचं यीस्ट जी अवघड साखर ताटात टाकून उठतं ती हे ब्रेट खातं. सावकाश, महिनोन्महिने, बंद बाटलीत. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे लॉग-आउट झाल्यावरही मागे चालू राहिलेली प्रोसेस. त्यामुळे बाटली विकत घेतल्यावरही बिअर बदलत राहते. अल्कोहोल लेबलवर ६.२ टक्के, पण जुन्या बाटलीत ते सातच्या आसपास जातं. बाटलीवर भरल्याची तारीख छापलेली असते, मुदत पाच वर्षांची. आणि त्या भागातल्या चांगल्या कॅफेत विचारतात, कोवळी देऊ की जुनी?

दाढीकाकाने त्या शनिवारी तीन बाटल्या मांडल्या. स्वतःच्या तळघरातल्या. एक चार महिन्यांची, एक वर्षाची, एक अडीच वर्षांची. तिघांना एकेक पेला, तीन माणसांत एक-एक बाटली. फ्रिजमधून नाही, तळघराच्या गारव्यातून, साधारण बारा-चौदा डिग्रीला. ओतायची पद्धतही ठरलेली: पेला तिरका, बाटली न हलवता एका दमात, आणि तळाशी गाळ आहे तो बोटभर बाटलीतच ठेवायचा. फेस इतका दाट की मिशी भिजल्याशिवाय प्यायला मिळत नाही. रंग गुळाच्या पाकासारखा, किंचित धुरकट.

चार महिन्यांची प्यायलो. आधी वास: संत्र्याची साल नखाने सोलली की उडतो तो, आणि ओलं गवत. मग कडूपणा, चांगला स्पष्ट, कारल्याचा नाही, मेथीच्या बाजूचा. चव कोरडी, गोडवा जवळजवळ नाहीच.

वर्षाची बाटली उघडली तर संत्रं मागे सरलेलं. पुढे आलं ते काय, हे मला चटकन सांगता येईना. दाढीकाकाने इंग्रजीत सांगितलं, याला घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास म्हणतात. मी घोड्यांत वाढलो नाही. पण दुसऱ्या घोटाला एकदम लागलं. आजोळी गोठ्यामागे कडब्याची गंजी असायची, दुपारी आम्ही त्यात लपायचो. ऊन खाल्लेला कडबा, खाली किंचित दमट, शेजारी बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा. तोच वास. लक्झेंबर्गमध्ये दीड वर्ष काढल्यावर एका बेल्जियन टेबलावर मला माझं आजोळ सापडेल असं वाटलं नव्हतं. घसा दाटून आला वगैरे काही नाही, पण मी बराच वेळ पेला खाली ठेवला हे खरं.

अडीच वर्षांची तर आणखी कोरडी, कडूपणा विरलेला, हलका आंबटपणा, जुन्या लिंबाच्या लोणच्यात तिखटाची धार जाऊन एक काळीशार चव उरते तसा काहीसा प्रकार. तिन्हींवर एकच लेबल, तिन्हींची कृती एकच. फरक फक्त वेळेचा. 'मुरणं' हा शब्द मी त्याला मराठीतच शिकवला. त्याला तो इतका आवडला की ऑफिसात महिनाभर प्रत्येक बगला तो "मुरू दे" म्हणायचा.

त्या संध्याकाळी मी एकूण एक बाटलीभर प्यायलो असेन. चार तासांत. आणि त्या चार तासांत एकदाही मनात आलं नाही की अजून हवी. माझ्यासाठी ही बातमी होती.

पुढच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली तेव्हा तिला ओर्वाल दाखवायला नेलं. आधी सांगितलं होतं, तिथे काय बनतं ते. आणि मी पितो, महिन्यातून दोन-तीनदा, हेही सांगितलं. ती फोनवर "बरं" म्हणाली होती. आईचं "बरं" किती प्रकारचं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पडक्या खांबांमधून फिरलो. औषधी वनस्पतींच्या वाफ्यात तिने ओणवं होऊन पुदिना ओळखला. माटिल्डाचा झरा पाहिला. मठासमोरच्या कॅफेत मठाचंच चीज आणि पाव घेतला. मी एक बाटली घेतली, तिच्यासमोर ओतली. साधूंनी मोजून प्यायच्या नियमाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे यांना मोजून देणारं कोणीतरी आहे. भाऊजींना नव्हतं."

मी म्हटलं, "अगं, काकू मोजायच्या की. बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवायच्या."

"मोजायची ती," आई म्हणाली. "ती मोजते म्हणून ते लपवायला लागले. लपवायला लागले तेव्हा संपलंच." मग पेल्याकडे बघून विचारलं, "तू लपवतोस का?"

"तुझ्यासमोर तर पितोय."

"आता. पण उद्या?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. तिने पेला नाकाजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाली, "कडब्यासारखा येतोय." प्यायली नाही. पण वास बरोबर ओळखला!

मंडळी, इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'टेस्टिंग', 'अप्रिसिएशन' हे पिण्यावर घालायचं फार सोयीचं पांघरूण आहे. बिअर साधूंनी केली म्हणून तीर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या पिण्याच्या परवान्यात अजूनही धारकाला ती प्रकृती राखण्यासाठी लागते अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचून हसावं आणि सोडून द्यावं. माझ्या काकांना ओर्वाल मिळाली असती तर ते वाचले असते असलं काही मला म्हणायचं नाही. त्यांनी तीही पेटीने संपवली असती. तो आजार होता. आम्ही त्याला स्वभाव म्हणत बसलो.

मी स्वतःपुरते दोन-तीन नियम केलेत. पहिला, एक वही. तारीख, बाटली भरल्याची तारीख, कोणाबरोबर, चव कशी. वही दिवाणखान्यात उघड्यावर असते, बायको वाचते, आई आली की तीही पानं चाळते. दुसरा, एकट्याने नाही आणि वाईट दिवशी नाही. रिलीज फसलं म्हणून बाटली उघडायची नाही, त्या दिवशी चालायला जायचं. तिसरा, अख्खा श्रावण बंद, आणि आदल्या दिवशी गटारीही नाही. यात पुण्याचा भाग शून्य. सिस्टीम वर्षातून एकदा बंद करून परत चालू होते का हे बघण्याची ती टेस्ट आहे. ज्या वर्षी श्रावण जड जाईल त्या वर्षी वही बंद करायची हे आईशी ठरलेलं आहे. आतापर्यंत जड गेलेला नाही.

आता पुण्यात परत येऊन बरीच वर्षं झाली. कोणी तिकडून येणार असेल तर आधी हळूच चौकशी करतो. विमानाने येणाऱ्या माणसाला दोन लिटरची सवलत असते आणि ओर्वालची बाटली ३३ सेंटीलिटरची. सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. साधूंनी भारताच्या कस्टम्सचा विचार करूनच माप ठरवलं असावं :-)

आणल्यावर मात्र आपला उन्हाळा आडवा येतो. एप्रिलमध्ये माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. म्हणून मी फ्रिजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात उभी ठेवतो, आडवी नाही, गाळ तळाशी बसावा म्हणून. थंडीत ब्रेट फार सावकाश काम करतं, म्हणजे तिकडे एका वर्षात होतं त्याला इकडे जास्त वेळ द्यायचा. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायची. एका बाटलीत तीन माणसं बसवायची. सोबत शेंगदाणे, चकली नको, तिखटाने सगळा वास मरतो. भाकरी आणि लोणी मात्र अप्रतिम लागतं, हा माझा स्वतःचा शोध.

आत्ता भाजीच्या कप्प्यात दोन आहेत. एकीवरची तारीख मागच्या डिसेंबरची, दुसरीवरची त्याच्या आधीच्या मार्चची. कोथिंबिरीच्या जुडीमागे उभ्या आहेत. श्रावण संपेपर्यंत तशाच राहतील. तोवर आणखी थोड्या मुरतील.